सोलांजचे आवाज

आम्ही फुजैऱ्याला राहायला आलो त्याच आठवड्यात मी जिन्यात एका मुलाला मार खाताना ऐकलं.

निदान मला तरी तसंच वाटलं. पहिल्या मजल्यावरच्या एका दाराआडून मूल हुंदके देत होतं, एक म्हातारा घोगऱ्या आवाजात त्याच्यावर खेकसत होता आणि मध्येच एक बाई किंचाळली. मी बकाल्यातून, म्हणजे खालच्या किराणा दुकानातून, दूध आणि कांदे घेऊन वर चालले होते. पिशव्या तिथेच पायरीवर ठेवल्या आणि दार बडवलं. आवाज एकदम थांबले. दार उघडलं एका उंच, हडकुळ्या गोऱ्या बाईने. वय पंचेचाळिशीच्या आसपास. चष्मा केसांत खोचलेला, हातात कागदांचा गठ्ठा. तिच्या मागे हॉल रिकामा होता.

"मूल कुठंय?" मी इंग्रजीत विचारलं.

तिला आधी काही कळेचना. मग ती हसली, एक बारीक श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि ते मूल माझ्या डोळ्यांदेखत तिच्या तोंडातून रडलं. पाठोपाठ म्हातारा खेकसला. मी दोन पायऱ्या मागे सरले. उन्हाळ्याचे दिवस, जिन्यात भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"सॉरी," ती म्हणाली. "मी सराव करत होते. माझं कामच ते."

ही सोलांज पेल्तिए. साल १९९३. ती कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली. तिथले लोक फ्रेंच बोलतात, हे मला तिच्याकडून कळलं. तिचा नवरा मार्सेल आणि माझा नवरा सदानंद एकाच टर्मिनलवर कामाला. समुद्रात तेलाची वाट बघत उभ्या असलेल्या जहाजांना इंधन पुरवणारी ती कंपनी. फुजैरा, दुबईपलीकडचं हे बंदर, तेव्हा अगदी लहान. मागे डोंगर, पुढे जहाजं, मध्ये आम्ही. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दुपारी पुरुष कामावर, मुलं शाळेत, आणि बायकांनी एकमेकींची तोंडं तरी किती बघायची? सोलांज आणि मी चहा प्यायला लागलो ते असं.

तिने आपली हकीगत तुकड्यातुकड्यांनी सांगितली. मोठ्या नदीच्या काठावरच्या रिमूस्की नावाच्या गावातला जन्म. वडील मासेमारीच्या बोटीवर. शाळेत असतानाच गावच्या रेडिओवर श्रुतिका करायला लागली. विसाव्या वर्षी एका सिनेमात मोठं काम मिळालं. मग मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत पंधरा वर्षं डबिंग. म्हणजे परदेशी सिनेमातल्या नट्यांना फ्रेंच आवाज द्यायचा. आया, चेटकिणी, नर्सा, खारी, एकदा तर मोटारगाडी. अधूनमधून दोन लहान सिनेमे. मग स्टुडिओतली कामं कमी झाली, मार्सेलला आखातात नोकरी लागली आणि ती इथे आली. आता दुबईच्या डेरा भागातल्या एका स्टुडिओत तिला थोडंफार काम मिळत होतं. टेलिफोनवरचे फ्रेंच संदेश, जाहिराती, कधी कार्टून.

"आणि तो सिनेमा? तू हिरॉइन होतीस?" मी विचारायची.

"होते," ती म्हणायची आणि कप घेऊन स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, पडला असेल सिनेमा.

माझी श्रिया तेव्हा सहा वर्षांची. इकडे वाढणाऱ्या सगळ्या मुलांसारखी. मी मराठीत विचारणार, ती इंग्रजीत उत्तर देणार. पण ते इंग्रजी होतं आमचं, टिपणीसांच्या घरातलं, शाळेतल्या केरळी बाईंच्या वळणाचं. सोलांजला ती पोर फार आवडायची. "शोबाना, हिचे कान बघ," ती मला सांगायची; माझ्या नावातला 'भ' तिला कधी जमला नाही. "ही नुसतं ऐकत नाही. ही साठवून ठेवते." शाळेतून आली की श्रिया तिच्याकडे पळायची. दोघी मिळून दरवाजाच्या करकरीची, प्रेशर कुकरची, आमच्या सदानंदच्या घोरण्याची नक्कल करायच्या आणि हसून हसून गालिच्यावर लोळायच्या.

श्रिया दहा वर्षांची झाली तेव्हा डेऱ्यातल्या त्या स्टुडिओला एक मोठं काम मिळालं. फ्रेंच कार्टून मालिका, आखातातल्या एका इंग्रजी चॅनेलसाठी इंग्रजीत करायची होती. पाणमांजरीची एक पोर आणि तिची आजी, अशी गोष्ट. सोलांजने संवादांचं भाषांतर केलं, आजीचा आवाज तिचाच. पोरीसाठी मूल हवं होतं. तिने श्रियाचं नाव सुचवलं.

सदानंद म्हणाला, "अगं, अभ्यास?" मी म्हटलं, "शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कसला आलाय अभ्यास?" आणि कित्येक शुक्रवार आम्ही मार्सेलच्या गाडीतून मसाफीच्या घाटाने दुबईला गेलो. श्रिया मोठे हेडफोन घालून उभी, शेजारी सोलांज. काचेच्या अलीकडे मी आणि जहूर. जहूर म्हणजे तिथला रेकॉर्डिंग करणारा, कराचीचा, फार गोड माणूस. पडद्यावर पाणमांजर तोंड उघडायची आणि माझ्या पोरीचा आवाज त्यात जाऊन बसायचा. "कमाल है, भाभी," जहूर म्हणायचा. मला काय वाटायचं ते कसं सांगू? मुलगी पास झाल्यावर वाटतं त्याच्या दसपट.

पहिला भाग गुरुवारी संध्याकाळी लागणार होता. मी बटाटेवडे केले. बिल्डिंगमधली सगळी आली, वरच्या मजल्यावरची अनुपमा तर पेढे घेऊन. फक्त सोलांज आली नाही. डोकं दुखतंय म्हणून मार्सेलबरोबर निरोप पाठवला. श्रिया टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसली.

नदी दिसली. पाणमांजर पाण्यातून वर आली, डोळे मिचकावले, आणि बोलली.

ती श्रिया नव्हती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "अगं बाई, अगदी विलायती वाटतेय पोर!" अनुपमा म्हणाली. मी हसले, कारण चेहरा दुसरं काय करणार? मला वाटलं, मशीनमधून गेल्यावर आवाज बदलत असेल. पण श्रियाची पाठ दगडासारखी झाली होती. ती वळली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दॅट्स नॉट मी," ती म्हणाली.

"असं कसं, बाळा? टीव्हीवर थोडं वेगळं—"

"मम्मा, इट्स नॉट मी. इट्स सोलांज आंटी."

टीव्हीवर पाणमांजर आजीला हाका मारत होती. मी कान देऊन ऐकलं. लहान मुलीचाच आवाज, स्वच्छ, गोऱ्या वळणाचा. पण 'ग्रँडमा' म्हणण्याआधी एक बारीक श्वास. तो श्वास मी जिन्यात ऐकलेल्या त्या रडणाऱ्या मुलाचा होता. मग मला त्या आवाजात सोलांज ऐकू आल्याशिवाय राहीना. माझ्या हातातली वड्यांची ताटली तशीच वाकडी झाली आणि दोन वडे गालिच्यावर पडले. शेवटी नावं आली. पाणमांजर: श्रिया टिपणीस. आजी: सोलांज पेल्तिए. पुन्हा टाळ्या.

मी चपला न घालता खाली गेले. दार तिनेच उघडलं. जणू दाराशीच उभी होती.

"ती तू आहेस?"

"हो," ती म्हणाली. "मी आहे."

मी वाट बघत होते की ती नाही म्हणेल. ती नाही म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता, इतकी मी तयार होते. तिने काही सांगायला हात पुढे केला. मी म्हटलं, "नको. माझ्या मुलीच्या तोंडातून तू बोललीस. एवढ्या चहानंतर. एवढ्या शुक्रवारांनंतर." आणि वर आले. चोरी झाल्यावर माणूस कपाट उघडून बघतो तशी मी रात्रीचं जेवण वाढताना सारखी श्रियाकडे बघत होते.

सदानंदचं म्हणणं वेगळं. "अगं, नाव तर आपल्याच मुलीचं दिलंय ना? कंपन्यांत असं चालतं. खलास, सोडून दे." मी त्याच्याशीही बोलणं टाकलं.

पुढचे काही आठवडे मी पहिल्या मजल्यावरून मान खाली घालून जायची. श्रिया मात्र रडली नाही, चिडली नाही, काहीच नाही. शाळेतून यायला उशीर व्हायला लागला. नाटकाची तालीम आहे म्हणाली. मी म्हटलं बरंच आहे, मन रमेल.

मग शाळेचं वार्षिक संमेलन आलं. बाईंनी उत्साहाने माईकवर सांगितलं, "आणि आपल्या शाळेची स्टार, टीव्हीवरची श्रिया!" हॉल दणाणला. "डू द व्हॉइस! डू द व्हॉइस!" मुलं ओरडत होती. मी खुर्चीतून अर्धी उठले, तिला हाताला धरून खाली आणावं म्हणून. आता ती तोंड उघडणार, तिचा स्वतःचा आवाज येणार, आणि सगळ्या शाळेसमोर ती खोटी ठरणार.

श्रियाने माईक धरला. एक बारीक श्वास घेतला.

"ग्रँडमा, द रिव्हर इज गोइंग विदाउट अस!"

टीव्हीवरचा आवाज. तोच. विलायती वळणासकट, श्वासासकट. मुलं किंचाळली. माझ्या शेजारच्या बाईने माझा हात दाबला. मी मात्र खुर्चीवर धपकन बसले. हे हिला कुठून आलं?

मग टाळ्या ओसरल्यावर तिने पुन्हा माईक तोंडाशी नेला. "दॅट वॉज सोलांज आंटी," ती म्हणाली. "नाऊ धिस इज मी." आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तिच्या आवाजात, आमच्या घरातल्या इंग्रजीत. कोणाला नीट कळलंच नाही. मागून दोन-चार टाळ्या आल्या. ती खाली उतरली आणि शांतपणे माझ्या शेजारी येऊन बसली.

"तालमीला जात होतीस ना तू?" मी तिला गाडीत विचारलं.

"सोलांज आंटीकडे."

"तिच्याकडे? का?"

खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, आणि या वेळी मराठीत म्हणाली, "तिने मला कसं केलं ते बघायचं होतं."

त्या संध्याकाळी मी पुन्हा पहिल्या मजल्यावर गेले. या वेळी चपला घालून. भांडायलाच गेले होते, पण दहा वर्षांच्या पोरीने जे विचारलं ते आपण विचारलं नाही, हेही डोक्यात होतं. सोलांजने चहा केला नाही. समोर बसली आणि सांगायला लागली.

"चॅनेलवाल्यांना तिचे उच्चार नको होते. मॅनेजर म्हणाला, दुसरी मुलगी आणतो, ब्रिटिश शाळेतली. मी म्हटलं, मी करते. दुसरी कोणी आली असती तर श्रियाचं काही म्हणजे काही उरलं नसतं. मी तिचा प्रत्येक थांबा ठेवला, शोबाना. हसणं तिच्याच जागी ठेवलं. फक्त उच्चार बदलले."

"आणि आम्हाला का सांगितलं नाहीस?"

"रोज सांगणार होते. रोज वर यायला निघायचे." तिने हात चोळले. "त्या सिनेमाचं तू नेहमी विचारतेस ना."

आणि मग तिने ते सांगितलं.

विसाव्या वर्षीचा तो सिनेमा क्वेबेकमध्ये चालला. म्हणून तो फ्रान्समध्ये दाखवायचं ठरलं. पॅरिसला मोठा समारंभ होता. सोलांजने आईला बरोबर नेलं. आई गावाबाहेर कधी गेली नव्हती, विमानात देवाचं नाव घेत बसली होती. दोघी कोट उसने आणून पहिल्या रांगेत बसल्या. दिवे गेले. पडद्यावर सोलांज बोटीतून उतरली, तोंड उघडलं, आणि कोणी भलतीच बाई बोलली. गुळगुळीत, पॅरिसच्या फ्रेंचमध्ये.

"मी माझा गळा चाचपला," सोलांज म्हणाली. "खरंच. मला वाटलं, मला वेड लागलं. आणि अंधारात आई मोठ्याने म्हणाली, 'ही कोण बोलतेय? सोलांज, हे कोण बोलतंय तुझ्यातून?' लोक हसले. आईच्या त्या गावाकडच्या बोलण्यालाच हसले."

मी विचारलं, "तुला आधी कोणी सांगितलं नव्हतं?"

"कोणी नाही. दिग्दर्शक नंतर म्हणाला, तिकडच्या लोकांना आपलं बोलणं गावंढळ वाटतं, समजत नाही. आपलं फ्रेंच, शोबाना! मग मी घरी गेले आणि ती गुळगुळीत भाषा शिकले. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात घातली. पोट त्यावरच चाललं. पडद्यावरच्या त्या बायकांना कोणी सांगितलंय का, हे मी एकदाही विचारलं नाही. आणि मग श्रिया आली, आणि मला माहीत असून मी—"

मी तिला माफ केलं असं म्हणणार नाही. मला फक्त इतकं आठवतं की मी उठून तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. साखर कुठे असते ते मला माहीत होतं.

मालिकेचे पुढचे भाग करायची वेळ आली तेव्हा सोलांज स्टुडिओत गेली आणि मॅनेजरला म्हणाली, पाणमांजर श्रियाच करेल, तिच्याच उच्चारांत. नाहीतर आजीही मी करणार नाही. मॅनेजर हसून म्हणाला, "हबीबी, लोकांना कार्टून बघायचंय. ती मुलगी कुठल्या गावची आहे ते नाही." तिने पर्स उचलली आणि बाहेर आली. तिला वाटलं होतं, बोलावतील. जहूरने आम्हाला फोनवर सांगितलं की आठवड्याच्या आत दोन्ही आवाजांना दुसरी माणसं मिळाली. नवे भाग लागले. आम्ही सगळे कान टवकारून बसलो होतो, आता चॅनेलला पत्रं जातील, मुलं विचारतील. कोणाच्याही लक्षात आलं नाही. बिल्डिंगमधल्या मुलांच्यासुद्धा नाही. तेव्हा सोलांजचा चेहरा बघवत नव्हता. एवढी वर्षं केलेलं काम, आणि ते गेलं ते कोणाला ऐकूसुद्धा आलं नाही.

डेऱ्यातला तो स्टुडिओ तिला कायमचा बंद झाला. ती फुजैऱ्यातल्या मुलांना शुक्रवारी गोष्टी वाचून दाखवायला लागली. सुरुवातीला मुलं कमी यायची, मग बाहेर चपलांचा ढीग पडायला लागला.

दोन हजार साली मार्सेलचं कंत्राट संपलं आणि ती दोघं क्वेबेकला परत गेली. दोनेक वर्षांनी पोस्टातून एक व्हिडिओ कॅसेट आली. चोपन्नाव्या वर्षी तिला पुन्हा सिनेमात काम मिळालं होतं. आमचा व्हीसीआर सगळ्या देशांच्या कॅसेट चालवणारा, म्हणून ती लागली. सोलांज एका खेड्यात पोस्ट सांभाळणारी बाई झाली होती. आम्हाला एक अक्षरही कळत नव्हतं. श्रियाने मात्र पहिल्याच वाक्याला मान हलवली. "दॅट्स हर ओन," ती म्हणाली. अर्ध्या सिनेमात सोलांज बर्फात पाय घसरून पडली, उठलीच नाही, आणि दोन माणसांनी तिच्यावर चादर ओढली. मी किंचाळले. सदानंद म्हणाला, "अगं, नाटक आहे ते!" तरीही मी तडक फोन लावला.

"जिवंत आहेस ना गं?" मी मराठीतच ओरडले.

पलीकडे ती इतकी हसली की तिला खोकला आला. "थंडी फार होती," ती म्हणाली. "पण पाहिलंस का, कशी छान मेले?"

श्रियाची बारावी झाली २००४ साली. सदानंदच्या मनात इंजिनिअरिंग पक्कं होतं. एका शुक्रवारी जेवताना ती म्हणाली की तिला आवाजाचं रेकॉर्डिंग शिकायला मुंबईला जायचंय. माईकसमोर नाही उभं राहायचं, जहूर अंकल बसायचे तिथे बसायचं. सदानंदच्या हातातला घास तसाच राहिला. मलाही धक्का बसला. मला वाटत होतं की ही मोठी होऊन बोलेल, गाजेल, त्या चॅनेलवाल्यांना दाखवून देईल. ते माझं स्वप्न होतं. तिला त्यात रसच नव्हता.

"आणि पलीकडे बसून काय करणार तू?" मी विचारलं.

"कोणाचा आवाज पुसायच्या आधी त्याला विचारणार," ती मराठीत म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

सदानंद महिनाभर धुसफुसत राहिला. मग एकदा स्वतःच श्रियाच्या खोलीत गेला आणि विचारलं की त्या कोर्सला गणित लागतं का. लागतं म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलं. जूनमध्ये ती गेली. सोलांज अजून वर्षातून एखादं काम करते, बहुतेक वेळा म्हाताऱ्या बायकांचं, आणि प्रत्येक वेळी मरावं लागतं अशी तक्रार करते.